गेले किती, राहिले किती

इंग्रजी भाषेतले काही शब्द दौऱ्यावर आलेल्या साहेबासारखे असतात. ते येतात, बसतात, चहा घेतात, चार कागदांवर उमटतात आणि निघून जातात. पण ते नेमके कोण होते आणि कशासाठी आले होते, हे कचेरीतल्या कुणालाच शेवटपर्यंत कळत नाही. 'इम्पेअर्ड' हा अशांपैकीच एक शब्द. बँकेत कारकुनी करणाऱ्याला तो वारंवार भेटतो. एका कागदात तो कर्जाला चिकटलेला असतो, तर दुसऱ्यात ग्राहकाच्या डोळ्याला नाहीतर कानाला. अमेरिकेत आणि कॅनडात तो दारू पिऊन गाडी हाकणाऱ्याला लावतात. तिकडे 'इम्पेअर्ड ड्रायव्हिंग' म्हटले की पोलीस आधी तोंडाचा वास घेतो. म्हणजे बुडू लागलेले कर्ज, अंधुक झालेला डोळा आणि झिंगलेला ड्रायव्हर, या तिघांना एकाच दावणीला बांधणारा हा शब्द आहे. तिघांपैकी डोळ्याचा काय अपराध, हे विचारण्याची सोय नाही.

आमच्या शाखेत या शब्दावर एकदा चर्चासत्र झाले. चर्चासत्र म्हणजे काय, तर सर्व्हर बंद पडला होता. आमचे हेड कॅशियर शेतकरी कुळातले. त्यांनी नोटांच्या बंडलाला रबर लावता लावता निकाल देऊन टाकला, "पेअर म्हणजे जोडी. इम्पेअर म्हणजे जोड मोडली. बैलजोडीतला एक बैल मेला, की राहिलेला बैल इम्पेअर्ड!"

दाराशी उभ्या असलेल्या शिपायाने यावर भाष्य केले, "मग साहेब, बैल एकलाच कशाला? नांगर बी इम्पेअर्ड, रान बी इम्पेअर्ड, अन् मालक बी."

हेड कॅशियरांचा सिद्धांत इतका रेखीव होता की तो खोटा आहे हे सांगताना मला अजूनही वाईट वाटते. 'इम्पेअर'मध्ये जोडी नाही. लॅटिनमध्ये 'पेयॉर' म्हणजे 'अधिक वाईट'. त्याच्यापासून जुन्या फ्रेंचमध्ये एक क्रियापद आले आणि फ्रेंचांकडून ते इंग्रजांनी उचलले. 'इम्पॉसिबल'मधला 'इम' नकाराचा आहे. हा 'इम' नकाराचा नव्हे, त्या अवस्थेत नेऊन सोडणारा आहे. तेव्हा इम्पेअर्ड म्हणजे 'पूर्वीपेक्षा वाईट अवस्थेला गेलेले'. या व्याख्येने महिन्याच्या वीस तारखेनंतर सगळी मध्यमवर्गीय घरे इम्पेअर्ड ठरतात.

पण या व्याख्येत एक गोम आहे. 'पूर्वीपेक्षा' म्हणायचे तर पूर्वी काहीतरी बरे असायला हवे. जो जन्मतःच ऐकत नाही, त्याचे पूर्वीचे काय बिघडले? जगभरातल्या बधिर मंडळींनी हेच विचारले. त्यांच्या जागतिक महासंघाने १९९१ साली मतदान घेऊन ठरवले, की आम्हाला 'हिअरिंग इम्पेअर्ड' म्हणू नका. सरळ 'बधिर' म्हणा, किंवा 'कमी ऐकू येणारे' म्हणा. सभ्य माणसांनी मोठ्या विचारपूर्वक शोधलेला शब्द ज्यांच्यासाठी शोधला त्यांनीच परत केला. शब्दांच्या इतिहासात अशी साभार परत आलेली पार्सले पुष्कळ सापडतात.

खरे म्हणजे 'इम्पेअर्ड'ला आपल्याकडे घरचा शब्द आहे, आणि तो म्हणजे 'अधू'. नजर अधू झाली, पाय अधू झाला. बघा, हा शब्द अवयवाला लागतो आणि तिथेच थांबतो. माणूस अधू आहे असे सहसा कुणी म्हणत नाही. त्याचा पाय अधू असतो, तो स्वतः मात्र पाटील असतो, नाहीतर मास्तर असतो, नाहीतर तुमचे उसने पैसे बुडवून बसलेला असतो. पुढे गावाला या शब्दाचाही कंटाळा येतो, आणि मग तो अख्ख्या माणसालाच 'लंगड्या' म्हणून मोकळा होतो. त्याची पुढे आडनावेही होतात. थोटे, लंगडे, बहिरट, बोबडे. मूळ पुरुष कितपत बोबडा होता हे आता कोण सांगणार? पण शरद बोबडे हे वकिलीसारख्या निव्वळ बोलण्याच्या धंद्यातून चढत चढत २०१९ साली देशाचे सरन्यायाधीश झाले, हे आडनावांकडून भविष्य वाचणाऱ्यांनी वहीत टिपून ठेवावे.

या विषयात आमचा धाराशिव जिल्हा जुना जाणकार आहे. तेर हे गाव आमच्या जिल्ह्यातले, आणि गोरोबाकाका त्या गावचे. काकांची कथा मराठी माणसाला सांगायला नको. चिखल तुडवताना पायाखाली आलेले लेकरू, बायकोने घातलेली विठ्ठलाची आण, ती मोडली म्हणून काकांनी तोडून घेतलेले स्वतःचे हात, आणि पुढे पंढरपुरात कीर्तनाच्या रंगात ते परत फुटणे. कुंभाराचे हात जाणे म्हणजे काय जाणे, हे आमच्यासारख्या कागद इकडून तिकडे सरकवणाऱ्यांना पुरते कळायचे नाही. पण मला त्या कथेपेक्षा दुसरी कथा जास्त जवळची वाटते. संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईने विचारले, यांतली मडकी पक्की किती आणि कच्ची किती ते सांगा. काकांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर वाजवून पाहिले. नामदेव कच्चे ठरले. आमच्या जिल्ह्याच्या माणसाने भरवलेली ही पहिली तपासणी मंडळाची बैठक. एवढे ध्यानात घ्या, की मडके वाजवून पाहतात ते त्यात पाणी टिकेल की नाही यासाठी; त्याचा टवका किती टक्के उडाला आहे हे मोजण्यासाठी नव्हे.

टक्क्यांचा जमाना नंतर आला. मधल्या काळात नुसते शब्द बदलत होते. आमच्याकडे १९४८ पर्यंत निजामाचे राज्य, दफ्तर उर्दूत. उर्दूत अशा माणसाला 'माजूर' म्हणतात. त्या शब्दाच्या पोटात 'उज्र' आहे, म्हणजे सबब. माजूर म्हणजे ज्याला सबब आहे तो, ज्याला माफी आहे तो. भाषा मोठी अदबीची. पण आमच्या मराठी कानाला त्यात 'माजोरी' ऐकू यायची, आणि मग सगळ्या अदबीवर पाणी. संस्कृताकडे जावे तर तिथे 'अपांग' म्हणजे डोळ्याची बाहेरची कड, नायिका जिथून कटाक्ष टाकते ती जागा. नायिका अपांगातून पाहते आणि नायक अपंग होतो, एवढाच काय तो दोन्ही शब्दांचा संबंध. 'विकलांग' त्यातल्या त्यात हिशेबी शब्द आहे. कला म्हणजे भाग, चंद्राच्या असतात तशा. विकल म्हणजे ज्याचा एखादा भाग उणा झाला आहे असा. आता चंद्र तर दर महिन्याला पंधरा दिवस विकल होत असतो. पण त्याच्याकडे कुणी जिल्हा रुग्णालयाचा दाखला मागितल्याचे ऐकिवात नाही.

इंग्रजांचे तर विचारूच नका. त्यांच्याकडे 'इन्व्हॅलिड' हा एकच शब्द पहिल्या अक्षरावर जोर दिला की आजारी माणूस होतो आणि दुसऱ्यावर दिला की न वटणारा चेक. आमच्या काउंटरवर दोन्ही एकदमच येतात. 'हँडिकॅप' या शब्दाबद्दल पुष्कळ लोक सांगतात की हातात टोपी घेऊन भीक मागण्यावरून तो आला. तसे नाही. ती मुळात अदलाबदलीची एक जुनी पैज होती; टोपीत हात घालून खेळायची. तिथून तो शब्द घोड्यांच्या शर्यतीत गेला. तिथे जो घोडा जास्त पळतो त्याच्या पाठीवर जास्त वजन लादतात, म्हणजे बाकीच्यांना न्याय मिळतो. त्या वजनाला हँडिकॅप म्हणतात. म्हणजे मूळ हँडिकॅप हा धडधाकट घोड्याला असतो, आणि तो दुसऱ्याने वरून लादलेला असतो. यातले 'दुसऱ्याने लादलेला' एवढे तरी लक्षात ठेवायला हवे होते. आपण नेमके तेच विसरलो.

ते आठवण करून देण्याचे काम जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली केले. तिने तीन शब्दांची तीन खाती उघडली. शरीरात जे उणावले ते 'इम्पेअरमेंट'. त्यामुळे जे करता येईना ते 'डिसॅबिलिटी'. आणि या दोन्हीपायी समाजात जे मिळेनासे झाले ते 'हँडिकॅप'. पाय अधू झाला हे पहिले खाते, जिना चढता येत नाही हे दुसरे, आणि जिना असल्यामुळे नोकरी मिळत नाही हे तिसरे. कोणती रक्कम कोणाच्या नावे टाकायची हे कॉमर्सच्या पदवीधराला यापेक्षा स्वच्छ कुणी सांगितले नसेल. पुढल्याच वर्षी, १९८१ साली, संयुक्त राष्ट्रांचे आंतरराष्ट्रीय वर्ष आले. ते आधी अपंगां'साठी' होते, मग अपंगां'चे' करण्यात आले. एका प्रत्ययासाठी एवढा खटाटोप कशाला, असे वाटेल. पण 'तुमच्यासाठी बँक' आणि 'तुमची बँक' यांत काय फरक आहे, ते कर्ज मागायला गेलेल्याला विचारा.

आपल्या सरकारने १९९५ साली कायदा केला. सात प्रकार ठरवले आणि चाळीस टक्क्यांची रेघ मारली. बहिरेपणाची व्याख्या अशी केली, की बरा जो कान असेल त्यात साठ डेसिबल किंवा अधिक घट हवी. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून 'दिव्यांग' हा शब्द सुचवला. काहींना तो आवडला. काही संघटना म्हणाल्या, आम्हाला दिव्य वगैरे काही नको, उतार आणि कठडा द्या. २०१६ साली नवा कायदा आला. सातांचे एकवीस प्रकार झाले, चाळीस टक्क्यांची रेघ राहिली, आणि २०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खातेच उघडले. पाटी नवी झाली की जुन्या पाटीवरचा शब्द शिवीसारखा वाटू लागतो. नव्या पाटीचे पुढे काय होईल ते पुढच्या पिढीने पाहावे.

आता बँकेकडे वळू. कारण गंमत अशी, की माणसांसाठी दवाखान्याचे शब्द कमी कमी होत गेले ते सगळे कर्जांच्या वाट्याला आले. १९८५ च्या सुमारास रिझर्व्ह बँकेने कर्जांसाठी 'हेल्थ कोड' काढला. आठ आकडे होते. एक म्हणजे ठणठणीत. दोन म्हणजे अनियमित. तीन म्हणजे आजारी, पण जगण्याची आशा असलेले आणि शुश्रूषा चालू असलेले. चार म्हणजे आजारी आणि आशा नाही. त्यापुढे वसुलीची नोटीस, दावा, हुकूमनामा आणि आठव्या आकड्याला बुडीत. त्या काळचे आमचे वडीलधारे अजून सांगतात, की शाखेत डॉक्टरासारखे राउंड व्हायचे. "तीन नंबरवाला गूळ कारखाना काय म्हणतो?" "रात्र कशीबशी काढली साहेब." पुढे १९९२-९३ पासून एन.पी.ए. आला आणि २००४ पासून नव्वद दिवसांची मुदत आली. पिकाच्या कर्जाला हंगामांचा हिशेब ठेवला, एवढी आमच्या कोरडवाहू जिल्ह्यावर मेहरबानी.

मग २००२ साली सनदी लेखापालांच्या संस्थेने मालमत्तेच्या 'इम्पेअरमेंट'चे लेखामानक काढले. हे मानक मी चार वेळा वाचले, कारण पहिल्या तीन वेळा झोप लागली. पण चौथ्यांदा वाचताना मात्र मी ताठ बसलो. त्यात म्हटले आहे ते साध्या मराठीत असे. एखादे यंत्र बिघडले, जुने झाले, त्याची किंमत उतरली, तर गेले किती हे शोधण्यासाठी आधी राहिले किती ते शोधा. ते यंत्र आज विकले तर काय येईल ते पाहा. ते वापरत राहिलो तर पुढच्या वर्षांत ते काय कमावून देईल ते पाहा. दोन्हींतला जो आकडा मोठा, ती त्याची खरी किंमत. पुस्तकातली किंमत त्याहून जास्त असेल तेवढीच तूट खर्ची टाका, आणि यंत्र राहिलेल्या किंमतीला वहीत पुढे चालू ठेवा. पुढे परिस्थिती सुधारली तर तूट परतही घ्या. यंत्राशी इतक्या माणुसकीने वागणारा कागद मी दुसरा पाहिलेला नाही.

आणि माणसाच्या कागदावर काय लिहितात? 'पन्नास टक्के'. राहिलेले पन्नास नव्हेत, गेलेले पन्नास.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना आमच्याकडे जमीन हलली. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी होऊन गेली होती. लोक गणपती बोळवून दमून झोपले होते. शेजारचे किल्लारी आणि आमचे सास्तूर ही नावे त्या एका सकाळी साऱ्या देशाला पाठ झाली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गार म्हणून नावाजलेली ती घरे झोपलेल्या माणसांवर बसली. दोन्ही जिल्हे मिळून जवळजवळ आठ हजार माणसे गेल्याचा सरकारी आकडा आहे, आणि जखमी त्याच्या दुप्पट. बावन्न गावे उचलून दुसरीकडे वसवावी लागली. तेव्हा आमच्या बोलीत एक शब्द आला तो अजून मुक्काम करून आहे. तो म्हणजे 'भूकंपग्रस्त'. ग्रस्त म्हणजे गिळलेला, ग्रहणात सूर्य असतो तसा. ग्रहण सुटते, दाखल्यावरचे ग्रस्त सुटत नाही.

त्या भागातले एक गृहस्थ मी नोकरीला नवा असताना आमच्या शाखेत आले. भिंतीखाली सापडून एक पाय गुडघ्यापासून गेलेला. धंदा शिवणकामाचा. पायाचे मशीन त्यांनी हातावर फिरवायचे करून घेतले होते आणि आता त्याला विजेची मोटर लावण्यासाठी कर्ज हवे होते. रक्कम इतकी किरकोळ, की तिच्यासाठी लागणारा कागद रकमेपेक्षा महाग पडावा. तेव्हाच्या साहेबांनी दाखला उलटसुलट पाहिला आणि काळजीने विचारले, "एवढे टक्के अपंगत्व आहे, मामा. फेडणार कसं?"

मामांनी कुबडी भिंतीला टेकवली. म्हणाले, "सायेब, तुम्ही हे गेलेलं वाचायलाव. ऱ्हायलेलं कुठं लिवायचं ते सांगा, म्हंजे तितं लिवून आणतो."

साहेब गप्प झाले. अर्जात तसा रकाना नव्हता. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि सही केली. त्या खात्याचा एकही हप्ता चुकला नाही. त्याच वर्षी दोन्ही पायांनी खणखणीत चालत आलेल्या किती मंडळींची खाती झोपली, हे सांगायला मला गोपनीयतेचा नियम आड येतो.

मामा हप्ता भरायला आले की त्यांचे पहिले बोलणे पायऱ्यांबद्दल असे. शाखेला पाच पायऱ्या. "कर्ज फेडायला काय न्हाई वो," ते म्हणत, "पर तुमच्यापत्तुर येताना व्याज भरल्यावानी वाटतंय." २०१६ चा कायदा वाचला तेव्हा मला मामांचे हे वाक्यच कुणीतरी इंग्रजीत घातले आहे असे वाटले. कायद्याच्या व्याख्येत बेरीज आहे. माणसातली दीर्घकालीन इम्पेअरमेंट आणि बाहेरचे अडथळे यांची गाठ पडून त्याचे समाजात बरोबरीने वावरणे अडते, तेव्हा त्याला अपंगत्व म्हणायचे. म्हणजे दोन रकमा. पहिली माणसाच्या नावे, दुसरी आमच्या. पहिली डॉक्टर टक्क्यांत मोजून देतो. दुसरी कुणी मोजतच नाही. पाच पायऱ्यांचे टक्के किती? काउंटर छातीइतका उंच केला त्याचे किती? दिसत नाही म्हणून चेकबुक नाकारत होते त्याचे किती? ते नाकारू नका, असे रिझर्व्ह बँकेला २००८ साली लेखी कळवावे लागले. एटीएमला उतार बांधा, हे २००९ साली. आमच्या शाखेलाही पुढे उतार झाला. फार देखणा झाला आहे. त्याच्या तोंडाशी आता मोटारसायकली लावतात.

वाचकहो, मी चाळिशी ओलांडलेला माणूस आहे. मराठीत वयाला आणि त्या वयात लागणाऱ्या चष्म्याला एकच शब्द आहे, ही आपल्या भाषेची समंजस काटकसर. जवळचे वाचणारी माझी नजर बऱ्यापैकी अधू झाली आहे. लॅटिन हिशेबाने म्हणजे 'पूर्वीपेक्षा वाईट'. इंग्रजीत म्हणजे इम्पेअर्ड. पण मला कुणी दृष्टिग्रस्त म्हणत नाही, दिव्य म्हणत नाही, नोकरी देताना टक्के विचारत नाही. कारण माझ्या उण्यासाठी बाजारात दोनशे रुपयांत उत्तर मिळते आणि ते नाकावर बसते. चष्मा म्हणजे काय? डोळ्यांसाठी बांधलेला उतारच तो. फक्त त्याच्या तोंडाशी कुणाला मोटारसायकल लावता येत नाही, एवढेच माझे नशीब.